तालुक्याची विधी सेवा समिती : वकील फुकटचा, पण कामाचा

"फुकटचा वकील म्हणजे तारखेवर तारीख," असं गावात सगळेच म्हणतात. घटस्फोटासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून मला मिळालेल्या वकीलबाईंबद्दल तसं म्हणवत नाही. तक्रारी आहेत, त्याही लिहिते.

आमच्या पैनगंगेकडच्या भागात नवरा-बायकोचं फिस्कटलं की चार माणसं बसतात, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात आणि चहा पिऊन उठतात. माझ्या सासरच्यांनीही तसाच कागद टाइप करून आणला होता. मोठेबाबांनी तर खिशातला पेन काढून दिला, "करून टाक बाई सही, कायले कोर्टाच्या पायऱ्या चढतं?" तोच कागद मी वकीलबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, ज्या समाजात फारकतीची रूढी आहे आणि ती कोर्टात शाबीत करता येते तिथं गोष्ट वेगळी; एरवी असल्या कागदानं लग्न मोडत नाही, आणि त्याच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न केलं तर ते बेकायदाच.

वकील मिळवणं सोपं गेलं. अर्ज तालुक्याच्या कोर्टातच करायचा. बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला कमाई न बघता मोफत वकील आहे. मी आधार, लग्नपत्रिका आणि लग्नाचे फोटो नेले होते. कुठं जायचं तेच कळत नसेल तर १५१०० ला फोन लावा.

खरं काम दिसलं ते समझोत्याच्या मसुद्यात. आम्ही दोघंही राजी, म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब चा, दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज. बाईंनी मला आंदणाची यादी आठवून आठवून लिहायला लावली: डोरलं, जोडवी, कपाट, शिलाई मशीन, पितळेचा गुंड, गंज (पातेलं). मी म्हटलं, "गंजासाठी काय भांडता मॅडम?" तर म्हणे, "गंज सोडा, पण यादीत असू द्या." समोरच्या वकिलानं एक ओळ घुसवली होती, की मुलीसाठी पुढे कधीच काही मागणार नाही. बाईंनी तिच्यावर तिथंच काट मारली. मुलीचा खर्चाचा हक्क मुलीचा, आई तो सोडून देऊ शकत नाही. एकरकमी पोटगीचंही तसंच. "नंतर देतो" चाललं नाही. डिमांड ड्राफ्ट हातात आला तेव्हाच शेवटचा जबाब झाला.

पहिल्या आणि दुसऱ्या जबाबात सहा महिने थांबावं लागतं. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की दुरावा जुना असेल, समेटाची आशा नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलं असेल तर जज ही मुदत माफ करू शकतात. मी दोन वर्षांच्या वर माहेरी होते. बाईंनी स्वतःहून तो अर्ज टाकला, मंजूरही झाला.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअॅपवर निळ्या रेघा येतात, उत्तर येत नाही. एका तारखेला बाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या आणि कपाशी वेचायच्या दिवसांत माझी मजुरी बुडाली. केस जिल्ह्याला चालली, एसटी अर्ध्या तिकिटात झाली, पण जाण्यायेण्यात दिवस जातोच. आवारातल्या एका माणसानं टायपिंगचे म्हणून पैसे मागितले. देऊ नका. तो खर्च समितीचा असतो. ऑफिसात नाव घेऊन विचारल्यावर पुन्हा दिसला नाही.

पाचपैकी चार.

आणि निकाल लागला की लगेच सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज टाका, दोन प्रती काढा. रेशन कार्डाच्या कामाला मी मोबाइलमधला फोटो दाखवला, तर परत पाठवलं.