गाडीत पाणी येते कुठून, हे आधी शोधणारे गोडोलीतील गॅरेज

पावसाळ्यात मेढा-केळघर घाटाने महाबळेश्वरला वरचेवर जावे लागत असल्याने गाडी कोरडी राहणे माझ्यासाठी महत्त्वाचे आहे. माझ्या पंधरा वर्षे जुन्या हॅचबॅकमध्ये मात्र डाव्या पुढच्या सीटसमोर पाणी साचत असे आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यातही ओल राहत असे. आधीच्या एका गॅरेजने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरून दिले होते, परंतु पुढच्या जोराच्या पावसात पाणी पुन्हा आले. त्यानंतर गाडी साताऱ्यातच, गोडोलीतील एका लहान गॅरेजकडे दिली. त्या कामाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तेथील मिस्त्रींनी कोठेही काही भरण्यापूर्वी पाण्याची वाट शोधली.

त्यांनी प्रथम गाडीला हात न लावता प्रश्न विचारले. कोरड्या दिवशी एसी लावल्यावर ओल येते का, पाणी स्वच्छ आहे की चिकट आणि रंगीत, गाडी उभी असताना भिजते की चालताना, उतारावर कोणत्या तोंडाने उभी असते? एसीची निचरा नळी तुंबली की पाऊस नसतानाही आत स्वच्छ पाणी ठिबकते, आणि हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळत असेल तर गोडसर वास येऊन काचेवर तेलकट थर धरतो. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते. पाणी फक्त जोराच्या पावसात येत होते, आणि मिस्त्रींनी नेमका हाच धागा पकडला.

सीट काढून मॅटिंग उचलल्यावर वरून कोरडे वाटणारे कापड आणि खालचा चिंब नमदा (मॅटिंगखालचा जाड थर) यांतील फरक डोळ्यांनी दिसला. पत्रा पुसून कोरडा केल्यावर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरण्यात आली, एक मुलगा टॉर्च घेऊन आत बसला आणि बाहेरून कमी धारेने पाणी सोडण्यात आले. धार खालून वर नेली गेली: प्रथम चाकाची कमान, मग दाराचा तळ, मग काचेचा पाया, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि कोणता सांधा दोषी आहे हे कळत नाही. प्रत्येक ठिकाणी बराच वेळ थांबण्याची त्यांची चिकाटी मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

दोष काचेत नव्हताच. वायपरखालच्या जाळीच्या आतील पन्हळीत पाने आणि माती साचून निचऱ्याचे भोक जवळजवळ बुजले होते. हलक्या सरीचे पाणी कसेबसे निघून जाई, घाटातील पावसात मात्र पातळी चढून ते ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत उतरे. त्याच वाटेवरचा केबिन फिल्टर भिजून फुगलेला होता, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. डिकीतील ओल वेगळ्याच कारणाची निघाली: मागच्या डाव्या दिव्यामागचे गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) कडक होऊन आकसले होते. पन्हळ हाताने साफ करण्यात आली, गॅस्केट नवीन बसवले, आणि आधीचे सिलिकॉनही खरवडून काढले. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज आणते, असे कारण त्यांनी दिले व ते योग्यच आहे.

उणीव एकच, पण ती लहान नाही. नमदा पंख्याखाली ठेवूनही पुरता वाळला नव्हता आणि गाडी तशीच परत मिळाली, त्यामुळे कुबट वास राहिला व मॅटिंग घरी पुन्हा उचलून वाळवावे लागले. त्याखालून वायरिंगचे जोड जात असल्याने हे काम गॅरेजनेच पूर्ण करायला हवे होते. शोध घेण्याची मजुरी वेगळी लावली जाते. ती मला रास्त वाटली, परंतु बिलात तिचा स्वतंत्र उल्लेख असावा.

काच काढून नव्याने चिकटवण्याचे काम येथे होत नाही, त्यासाठी काचवाल्याकडे पाठवले जाते. जून-जुलैत गर्दी असल्याने गाडी मे महिन्यातच न्यावी आणि ती निदान दोन दिवस सोडण्याची तयारी ठेवावी.