कॅलिफोर्नियातलं घर: लिव्हिंग ट्रस्ट की प्रोबेट?

बे एरियात चार मराठी कुटुंबं जेवायला जमली की घरांचे भाव, मुलांच्या शाळा आणि मग हळूच "तुमचा ट्रस्ट झाला का?" हे ठरलेलं. उत्तरही ठरलेलंच: "करायचाय." हा लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे हयातीतच घर ट्रस्टच्या नावावर करून ठेवायचं, की आपल्या मागे ते कोर्टाविना वारसांकडे जातं.

मृत्युपत्र केलं की कोर्ट टळतं, असं अनेकांना वाटतं. टळत नाही. ते मृत्युपत्र घेऊनच वारसांना प्रोबेटसाठी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची वाटणी कोर्टाच्या देखरेखीखाली करून घ्यायला, कोर्टात जावं लागतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल, तर पहिल्याच्या मागे बहुधा फारसं अडत नाही. खरी फरफट होते ती दुसऱ्याच्या मागे, म्हणजे मुलांची.

आधी पैशांचं बोलू. प्रोबेटमधली वकिलाची फी इथे कायद्यानेच बांधून दिली आहे: मालमत्तेच्या किमतीतल्या पहिल्या लाख डॉलरवर ४ टक्के, दुसऱ्यावर ३, पुढच्या ८ लाखांवर २ आणि त्यानंतर १ कोटीपर्यंत १ टक्का. १५ लाखांच्या घरावर ही २८,००० डॉलर होते. मृताची मालमत्ता (इस्टेट) सांभाळणाऱ्यालाही तेवढीच फी घेता येते. तो घरचाच मुलगा असेल तर सोडून देईल. वकील कशाला सोडेल? वर घरावर १० लाखांचं कर्ज बाकी असलं, तरी हिशोब १५ लाखांवरच. वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि कागद सगळ्यांना बघायला खुले.

ट्रस्टला आज काही हजार डॉलर जातात, पुढे कोर्ट लागत नाही. हयातीत ट्रस्टी, म्हणजे ट्रस्टचे कारभारी, तुम्हीच. वाटेल तेव्हा बदला, मोडा. घर ट्रस्टमध्ये टाकल्याने प्रॉपर्टी टॅक्सचं नवं मूल्यांकन होत नाही. पण टॅक्स वाचतो किंवा देणेकऱ्यांपासून संरक्षण मिळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. या ट्रस्टने तसं काही होत नाही.

आता खरी गोम. आमच्या एका मित्राकडे ट्रस्टची जाडजूड फाइल कपाटात आहे, सोनेरी अक्षरांची. घराचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, मात्र अजून नवरा-बायको दोघांच्या नावावर. डीड बदलून, नोटरी करून काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवलं नाही, तर ती फाइल शोभेची. दुसरा सापळा रीफायनान्सचा, म्हणजे जुनं गृहकर्ज फेडून नवं घेण्याचा: त्या वेळी कर्ज देणारी बँक अनेकदा घर ट्रस्टबाहेर काढायला लावते, आणि परत आत टाकायचं राहून जातं.

प्रोबेट अगदीच टाकाऊ नाही. भावंडांत आधीच वाजलेलं असेल, तर न्यायाधीशाची नजर असलेली बरी. ट्रस्टीवर तशी कुणाची नसते. भाड्याने राहत असाल आणि सगळं फोर-ओ-वन-के (401k) या निवृत्तीच्या खात्यातच असेल, तर तिथे नॉमिनी नीट भरा, ट्रस्टची घाई नको. १ एप्रिल २०२५ पासून ७,५०,००० डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी सोपी प्रक्रियाही आली आहे. बे एरियातल्या सनीव्हेलसारख्या महागड्या गावात तिचा उपयोग किती, ते तुम्हीच बघा.

माझं मत: घर असेल तर ट्रस्ट करा. मुलं लहान असतील तर आपल्या मागे त्यांना सांभाळणारा पालक नेमण्यासाठी सोबत मृत्युपत्रही करा. पुण्यातला फ्लॅट या ट्रस्टमध्ये कोंबू नका. त्याचं मृत्युपत्र भारतात, दोन साक्षीदारांसमोर, वेगळं करा.