काचेची इलेक्ट्रिक शेगडी, तीन वर्षं वापरून: ५ पैकी ३ स्टार

न्यू जर्सीत भाड्याच्या घरात आलो तर गॅस नाहीच, ओट्यावर काळ्या काचेची इलेक्ट्रिक शेगडी. चकचकीत बघून मी खूश, आणि पहिल्याच दिवशी आईने दिलेली गोल बुडाची कढई ठेवली तर तेल तापता तापेना. काचेखाली कॉइल लालभडक, पण कढई टेकलीय रुपयाएवढी, मोहरी तडतडणार कशी? सपाट बुडाचीच भांडी घ्या, दुसरा इलाज नाही.

कॉइल मधेच विझायची म्हणून बिघडली समजून मी मेंटेनन्सवाल्याला पण बोलावलं, तो हसला, म्हणाला ती अशीच चालू-बंद होत राहते. आणि बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेली असते, त्यामुळे दूध वर आलं की पातेलंच उचलायचं, नाहीतर उतू गेलंच समजा.

फुलके होतात हां! मॅन्युअलमध्ये तारेची जाळी काचेवर ठेवू नका लिहिलंय, म्हणून मी दांड्याची जाळी हातातच धरते, काचेपासून बोटभर वर, टम्म फुगतात. वांगं मात्र ओव्हनमध्ये भाजावं लागतं, ते भरीत आपलं नावाला.

आता खरी गोष्ट. संक्रांतीला गुळाच्या पाकाचा ओघळ काचेवर आला, म्हटलं लाडू वळून होऊदेत, थंड झाल्यावर पुसू. तिथेच चुकलं. साखर-गूळ थंड होताना काचेला असा धरतो की निघताना टवका घेऊनच निघतो. माझ्या उजव्या बर्नरवर मुगाएवढा खड्डा आहे. गोड सांडलं तर लगेच शेगडी बंद, हातात ओव्हनचा जाड हातमोजा, आणि ब्लेडच्या स्क्रेपरने गरम असतानाच ओढून काढा. बाकीचे डाग थंड झाल्यावर, खायचा सोडा टाकून वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पंधरा मिनिटं, मग स्क्रेपर तिरपा धरून. तारेची घासणी अजिबात नको, खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रेही नको. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सरकवलं की चंदेरी रेघा उठतात, बिडाच्या तव्याने ओरखडे, म्हणून उचलूनच ठेवायचं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा हे सांगून सांगून घसा बसला माझा, त्यांना वाटायचं मी शेगडीला सोवळ्यात ठेवलंय!

पुसायला गॅसपेक्षा सोपी, हे मान्य. पण जूनमध्ये घर सोडतोय, आणि त्या मुगाएवढ्या खड्ड्याचे डिपॉझिटमधून किती कापतात ते बघायचंय.