डेबियन १३ ‘ट्रिक्सी’: परवान्यांची कटकट किती मिटते?

९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ या लिनक्सवरच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बघताक्षणी भुरळ पडावी असं फारसं काही नाही. ग्नोम ४८ आणि केडीई प्लाझ्मा ६.३ हे डेस्कटॉप, गाभ्यात लिनक्स कर्नल ६.१२. यातलं बरंचसं इतर डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या इतर तयार संचांमध्ये) आधीच येऊन गेलेलं. तरीही परवान्यांच्या कटकटीला वैतागून खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळणाऱ्याने आधी हीच बघावी. कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर मशीनवर येतंय, याचा हिशोब ही मंडळी फार चोख ठेवतात.

हा हिशोब डेबियनच्या सॉफ्टवेअर-भांडाराच्या चार कप्प्यांत मांडलेला आहे. १९९७ च्या सामाजिक कराराबरोबर ठरलेल्या निकषांवर (डीएफएसजी) जे उतरतं तेच ‘मेन’मध्ये जातं: सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) हवा, बदल करून वाटण्याची मुभा हवी, आणि धंद्यासाठी वापरायला आडकाठी नको. ‘कॉन्ट्रिब’मधलं सॉफ्टवेअर स्वतः मुक्त असतं, पण बाहेरच्या कशावर तरी अडलेलं असतं. ‘नॉन-फ्री’चा अर्थ नावातच आहे. चौथा कप्पा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ (वायफायसारख्या हार्डवेअरला लागणारं बंदिस्त सॉफ्टवेअर) हा डेबियनमधल्या २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ पासून आला. शिवाय प्रत्येक पॅकेजचा परवाना ‘/यूएसआर/शेअर/डॉक’मध्ये त्या पॅकेजच्या फोल्डरात ‘कॉपीराइट’ नावाच्या फाइलीत असतो. तपासणीला कोणी आलं, तर दाखवायचा कागद डिस्कवर तयार असतो.

याची गरज काय, हे गेल्या काही वर्षांतल्या भांडणांवरून कळतं. मोंगोडीबीने २०१८ मध्ये परवाना बदलून एसएसपीएल हा डेबियनच्या निकषांत न बसणारा परवाना घेतला आणि डेबियनने तो डेटाबेस भांडारातून काढून टाकला. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये तोच रस्ता धरला. लगेच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फोर्क (मूळ कोडवरून निघालेली वेगळी शाखा) उभा राहिला आणि मे २०२५ मध्ये रेडिस एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय घेऊन परत आला. ट्रिक्सीत आता दोन्ही आहेत. रेड हॅट कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स ग्राहकांपुरता ठेवला, तेव्हा त्यावर बेतलेल्या डिस्ट्रोंची पळापळ झाली. प्रकल्प ‘ओपन सोर्स’ आहे एवढ्यावर जाऊ नये. सगळे कॉपीराइट एकाच कंपनीच्या हातात असतील, किंवा योगदान देणाऱ्यांकडून ती आधीच हक्क लिहून घेत असेल, तर पुढच्या आवृत्तीचा परवाना ती एका रात्रीत बदलू शकते. डेबियनच्या मागे मालक कंपनीच नाही. कर्नलचे कॉपीराइट हजारो लोकांत विखुरलेले आहेत, त्यामुळे तो परवाना कोणाला परस्पर फिरवता येत नाही.

ट्रेडमार्कचा मुद्दा वेगळा, आणि त्यावरही इथे ताणाताणी झालेली आहे. २००६ मध्ये मोझिलाशी वाजलं आणि डेबियनमधला फायरफॉक्स ‘आइसवीझल’ या नावाने दहा वर्षं नांदला. २०१६ मध्ये ते मिटलं. कोड मुक्त असला तरी नाव आणि बोधचिन्ह मुक्त असेलच असं नाही. डेबियनवर स्वतःचं काही बेतून वाटणाऱ्याने हे आधीच तपासावं.

आता इन्स्टॉलेशन. नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून आणणारी) इमेज एक जीबीच्या आत बसते. पेन ड्राइव्हवर ती फाइल म्हणून कॉपी करू नका, इमेज म्हणूनच लिहा, नाहीतर मशीन बूटच होणार नाही. नवख्यांचा पाय अडकतो तो रूट (प्रशासक) पासवर्डच्या पानावर. तिथे पासवर्ड दिला, तर पुढे बनवलेला वापरकर्ता ‘सुडो’ या प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या गटात जात नाही आणि पहिल्याच कमांडला ‘तुमचं नाव सुडोअर्स फाइलीत नाही’ असं उत्तर येतं. दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या की वापरकर्त्याला आपोआप सुडो मिळतो. पासवर्ड देऊन बसला असाल, तर रूट म्हणून आत शिरून वापरकर्त्याला सुडो गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करता ‘झालं नाही’ म्हणणारे पुष्कळ.

वायफायचं फर्मवेअर आता इन्स्टॉलर स्वतःच शोधून टाकतो, विचारत बसत नाही. इंटेलच्या बहुतेक कार्डांना ते लागतंच. तत्त्वाने ते नको असेल, तर बूटच्या ओळीत फर्मवेअर ‘नेव्हर’ असा पर्याय द्यावा लागतो. हा पर्याय मेनूत ठळक दिसायला हवा होता, कागदपत्रं धुंडाळल्याशिवाय सापडत नाही. मुक्ततेचा एवढा डंका वाजवणाऱ्या प्रकल्पाला हे शोभत नाही.

डेबियन १२ वरून येणाऱ्यांनी ‘/बूट’ विभाजन बघून घ्यावं. ते किमान ७६८ एमबी असावं आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळे असावेत. नाहीतर नवा कर्नल अर्धवट बसतो आणि अपग्रेड मधेच लटकतं. दुसरं म्हणजे ‘/टेम्प’ आता मेमरीत राहतं आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत फुगू शकतं. तिथे मोठ्या फाइली टाकणारी व्हिडिओची किंवा बॅकअपची स्क्रिप्ट ‘जागा नाही’ म्हणत थांबली, तर डिस्कला दोष देऊ नका. ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद झालेत, तो विषय संपला.

परवान्याची झळ रोजच्या वापरात सर्वांत जास्त जाणवते ती झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये. त्याचा परवाना सीडीडीएल, कर्नलचा जीपीएल, आणि या दोघांच्या अटी जुळत नाहीत असं डेबियन मानते. उबुंटू २०१६ पासून तयार मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) देते. डेबियन ‘कॉन्ट्रिब’मधून फक्त सोर्स देते आणि डीकेएमएस हे साधन तो तुमच्याच मशीनवर बांधतं. त्यासाठी कर्नलची हेडर पॅकेजं लागतात. नुसती एका आवृत्तीची नको, ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे मेटापॅकेज घ्या, म्हणजे कर्नलबरोबर हेडरही पुढे सरकतील. बॅकपोर्ट्समधून (नव्या आवृत्त्यांचं जादा भांडार) नवा कर्नल घेतला आणि झेडएफएस जुनंच राहिलं, तर मॉड्यूल बांधलं जात नाही, आणि रीबूटनंतर पूल (झेडएफएसचा डिस्कसाठा) गायब दिसतो. डेटा कुठे जात नाही. बूटच्या वेळी येणाऱ्या ग्रब मेनूतून जुना कर्नल निवडला की पूल परत येतो. रूट विभाजन मात्र झेडएफएसवर ठेवण्याच्या फंदात पडू नये.

एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर ‘नॉन-फ्री’मधून येतो आणि तोही डीकेएमएसनेच बांधला जातो. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही लोड होऊ न देणारी सोय) चालू असेल, तर मॉड्यूलवर सही करणारी चावी मोक या मशीनमधल्या चाव्यांच्या यादीत नोंदवावी लागते. चावी इम्पोर्ट करताना एक पासवर्ड ठरवायचा. रीबूटच्या वेळी निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला की ड्रायव्हर लोड होत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

एवढा हिशोब असूनही गळती होतेच, आणि ती बहुधा कप्प्यांच्या बाहेरून होते. ‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ हे छोटं साधन मशीनवरची ‘नॉन-फ्री’ आणि ‘कॉन्ट्रिब’ पॅकेजं दाखवतं. पण ते पॅकेजवरची कप्प्याची चिठ्ठी वाचतं, आतला परवाना वाचत नाही. संकेतस्थळावरून उतरवलेल्या डेब (डेबियन पॅकेजच्या) फाइलींवर ही चिठ्ठी बहुधा नसते, म्हणून बंदिस्त सॉफ्टवेअरही त्यात सुटून जातं. पिप, एनपीएम, फ्लॅटपॅक, डॉकर या इतर साधनांतून आलेलं तर त्याच्या गावीही नसतं. म्हणून जोडीला ‘ऍप्ट-फोर्कट्रेसर’ चालवा. डेबियनच्या भांडाराशी न जुळणारी पॅकेजं त्यात दिसतात.

कार्यालयात हमखास सापडणारा सापळा म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, एका मशीनवर दुसरं आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. मूळ कार्यक्रम जीपीएलखाली आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणीपुरताच फुकट आहे. कंपनीत वापरायचा तर ओरॅकलचा परवाना घ्यावा लागतो. ट्रिक्सीच्या भांडारात व्हर्च्युअलबॉक्स नाहीच. त्याच कामाची केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर ही साधनं ‘मेन’मध्ये आहेत आणि बहुतेकांचं काम त्यांवर भागतं. जावासाठीही ‘डिफॉल्ट-जेडीके’ घ्या, ओपनजेडीके २१ मिळतं. ओरॅकलच्या पानावरून इन्स्टॉलर उतरवायची गरज नाही.

फॉन्टचीही तीच गत. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनऐवजी लिबरेशन, कॅलिब्रीऐवजी कार्लिटो हे अक्षरांच्या रुंदीला जुळणारे मुक्त फॉन्ट आहेत. ते टाकले की दुसऱ्याकडून आलेल्या दस्तऐवजांची पानं सरकत नाहीत.

सुरक्षा अपडेट तीन वर्षं, पुढची दोन वर्षं एलटीएस (दीर्घ मुदतीचा आधार). वापरकर्ते मोजायचे नाहीत, सक्रियकरणाची चावी नाही. वापरायला जीपीएल मान्य करायचीही सक्ती नाही. अटी लागू होतात त्या दुसऱ्याला प्रत देताना. डेबियन घातलेलं उपकरण विकलं, की जीपीएल २ खालच्या भागांचा सोर्स सोबत द्यावा लागतो, किंवा निदान तीन वर्षं वैध राहील असं लेखी आश्वासन द्यावं लागतं. इथे घोळ होतो तो आवृत्तीचा. ग्राहकाने दोन वर्षांनी सोर्स मागितला, तर भांडारात तोवर पुढची आवृत्ती आलेली असते. म्हणून इमेज बनवतानाच ऍप्टच्या स्रोतफाइलीत ‘डेब-एसआरसी’ चालू करा, ‘ऍप्ट सोर्स’ने नेमक्या त्याच आवृत्त्यांचा सोर्स उतरवा आणि इमेजबरोबर जपून ठेवा. ते राहिलं असेल, तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात जुन्या तारखेची पॅकेजं सोर्ससकट सापडतात.