गरम वायूच्या बुडबुड्यांवर प्रोजेक्ट करायचाय: चंद्रा, एक्सएमएम-न्यूटन की ईरोझिटा?

साताऱ्या-सांगलीकडं एमएस्सी फिजिक्सला असाल आणि ताऱ्यांमधल्या जागेतल्या गरम वायूच्या बुडबुड्यांवर प्रोजेक्ट करायचा विचार असेल, तर पहिला प्रश्न हाच की डेटा कुठल्या टेलिस्कोपचा घ्यायचा. कासच्या पठारावर कितीही अंधार असू दे, एक्स-रे वातावरणातच अडतात, त्यामुळं जे काय आहे ते उपग्रहांच्या अर्काईव्हमध्ये, आणि ते सांगलीत बसून फुकट उतरवता येतं.

माझं मत आधीच सांगतो, पहिल्या प्रोजेक्टला युरोपचा एक्सएमएम-न्यूटनच घ्या. बहुतेक पोरं नासाच्या चंद्रा टेलिस्कोपकडं वळतात, चंद्रशेखरांचं नाव आहे, फोटो तर अप्रतिम, आणि अर्ध्या आर्कसेकंदापर्यंत (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) बारीक दिसतं, ते आजवर दुसऱ्या कुठल्या एक्स-रे टेलिस्कोपला जमलेलं नाही. पण आपल्याला बघायचंय ते मोठं आणि फिकट.

एस ३०८ घ्या. व्याध ज्या तारकासमूहात आहे त्याच बृहद्लुब्धकात एका वुल्फ-रायेट (म्हणजे जड, म्हातारा, जोरानं वायू बाहेर फेकणारा) ताऱ्याच्या वाऱ्यानं फुगवलेला हा बुडबुडा आकाशात ४० आर्कमिनिटं (६० म्हणजे एक अंश) पसरलाय, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा मोठा. वायू १० लाख केल्विनच्या आसपास, त्यामुळं जवळजवळ सगळे एक्स-रे १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली, नायट्रोजनच्या रेषा ०.४३ ला आणि ऑक्सिजनच्या ०.५७ ला. चंद्रा टेलिस्कोपच्या कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचत गेला आणि नेमकं इथंच त्याला आता कमी दिसतं, वर त्याची चौकट १७ आर्कमिनिटांचीच. एक्सएमएमची ३० ची, तीन टेलिस्कोप, प्रत्येकात ५८ आरसे एकात एक बसवलेले, त्यामुळं फोटॉन भरपूर, आणि चार पॉइंटिंग, म्हणजे चार जागी रोखून घेतलेली निरीक्षणं, जोडली की जवळजवळ अख्खा बुडबुडा हाती येतो.

आणि प्रश्न पण भारी आहे बघा, एवढ्या वेगाचा वारा धडकला तर हिशोबानं तापमान कोटींच्या घरात पाहिजे, दिसतं फक्त १० लाखांच्या आसपास. मग उष्णता जाते कुठं, बाहेरच्या थंड कवचातला वायू आत मिसळतो का, हे स्पेक्ट्रममधूनच तपासायचं.

एक्सएमएमचा त्रास म्हणजे बॅकग्राउंड. मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या प्रोटॉनचे फ्लेअर येतात, लाइटकर्व्ह (वेळेनुसार मोजणीचा आलेख) बघून तेवढा वेळ कापून टाकावा लागतो, कधी कधी बराच डेटा जातो. त्याहून अवघड म्हणजे बुडबुड्यानंच चौकट भरलेली असते, मग रिकामं आकाश आणायचं कुठनं? आपला सूर्य स्वतःच एका गरम बुडबुड्यात आहे, त्याच्या ऑक्सिजनच्या रेषाही ०.५७ लाच येतात, सौरवाऱ्यामुळंही तिथंच येतात, हे वेगळं न काढता फिट केलं तर तापमान चुकणार.

इथं ईरोझिटा कामाला येतं. २०१९ ला गेलेल्या या जर्मन टेलिस्कोपनं २०२२ च्या सुरुवातीपर्यंत आख्खं आकाश चाळलं, २०२० मध्ये आकाशगंगेच्या केंद्राच्या वर-खाली पसरलेले प्रचंड बुडबुडे त्यानंच दाखवले. एस ३०८ च्या आजूबाजूचं आकाश त्यातून घेता येतं. मृगापासून पसरलेल्या मृग-एरिडानस सुपरबबलसारखं (अनेक ताऱ्यांनी मिळून फुगवलेला बुडबुडा) दहा-दहा अंशांचं काही करायचं असेल तर या तिघांत दुसरा पर्यायच नाही. पण जानेवारी २०२४ ला खुला झालेला डेटा अर्ध्याच आकाशाचा आहे, हंस तारकासमूहातलं काही मिळणार नाही.

चंद्रा कधी? १.६ लाख प्रकाशवर्षांवरच्या ३० डोराडससारख्या (शेजारच्या दीर्घिकेतला तारे जन्मण्याचा प्रदेश) गर्दीत, जिथं तारे वेगळे काढल्याशिवाय वायू दिसतच नाही. तिथं त्यानं २० लाख सेकंद घातलेत.

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचा एक्स-रे टेलिस्कोप एसएक्सटी आपला, मुंबईच्या टीआयएफआर संस्थेनं केलेला, त्याचा अभिमान आहेच, पण दोन-तीन आर्कमिनिटांच्या धूसरपणात बुडबुड्याची कड सापडत नाही.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर आधी लिनक्स टाका, एक्सएमएमचा डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर सॅस विंडोजवर थेट चालत नाही. आणि अडलं तर पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली तर संध्याकाळी परत येता येतं.