क्रुगरमध्ये ५ रात्री आणि डासांची कांडी

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाला निघताना म्बोम्बेला शहरातल्या औषधाच्या दुकानातून डास पळवणारी, डीट या रसायनाची कांडी घेतली. ५ रात्री वापरली आणि मनापासून सांगते, घ्याच. फेब्रुवारी म्हणजे तिथला पावसाळा, मलेरियाचा हंगाम. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून उद्यानातल्या स्कुकुझा कॅम्पला साबी नदीकाठी ऊन कललं की आधी अण्णांच्या घोट्यांना आणि मानेला कांडी फिरवायची, मग स्वतःला. लोशनसारखी ओघळत नाही, खिशात मावते. सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, ही नंतर.

एक मात्र सांभाळा, डीट प्लॅस्टिक खातं. हात न पुसता दुर्बीण धरली, तर तिच्या कडेचा काळा रंग चिकट होऊन बोटांना लागला. वास उग्र आहे, पण थोड्या वेळाने जाणवत नाही.

नुसत्या कांडीवर भागवू नका. डॉक्टरांनी दिलेल्या, मलेरिया टाळणाऱ्या अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या गोळ्या आदल्या दिवसापासून ते मलेरियाचा भाग सोडल्यावर ७ दिवस रोज घेतल्या. शेवटच्या चार गोळ्या अण्णा टाळत होते, मी मुळीच ऐकलं नाही. आणि घरी आल्यावर ताप आला, अगदी महिन्याने आला तरी, कुठून आलोय हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.