अँफिबियावेब: ओढ्यांतील बेडकांच्या अभ्यासकासाठी

उष्णकटिबंधीय जंगलांतील ओढ्यांत राहणारे बेडूक कुठे आढळतात आणि ते कसे आवाज काढतात, हे जाणून घ्यायचे असेल तर अँफिबियावेब या विनामूल्य संकेतस्थळापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मात्र तेथील मजकुरावर ठेवता येतो तितका भरवसा नकाशांवर आणि ध्वनिफितींवर ठेवू नये.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभ्यासकांनी २००० साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर आज ८,००० हून अधिक उभयचर प्रजातींची नोंद आहे. देश, कुल किंवा वंश यांनुसार शोध घेण्याची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मायक्रिक्झॅलस हा ओढ्यांतील बेडकांचा वंश पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाही, काचबेडकांचे कुल मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेले आहे आणि महाकाय गोलियाथ बेडूक केवळ कॅमेरून व इक्वेटोरियल गिनी येथील वेगवान नद्यांत राहतो, हे पाहता पाहता दूरचे नातेही क्वचितच असलेल्या वंशांनी वाहत्या पाण्याचा आसरा स्वतंत्रपणे कसा घेतला, याचे चित्र उभे राहते. सर्व प्रजातींची सविस्तर वर्णने अद्याप लिहून झालेली नाहीत, पण जी आहेत ती संदर्भांसह आहेत.

नकाशांबाबत सावध राहावे. बहुतेक नकाशांत प्रसाराचा प्रदेश सलग रंगवलेला असतो. तळ्याकाठच्या बेडकाला ते एक वेळ चालेल, परंतु जो प्राणी ओल्या खडकांपासून फारसा दूर जात नाही त्याचा खरा प्रसार त्या रंगात नव्हे, तर त्यातून जाणाऱ्या बारीक निळ्या रेषांत असतो आणि त्यांतल्याही सगळ्याच रेषांवर तो असतो असे नाही. त्यामुळे नकाशाशेजारच्या मजकुरातील उंची व अधिवास यांचा उल्लेख वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आवाजांचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. काही पानांवर एमपीथ्री फाइल असते, काही ठिकाणी बाहेरच्या ध्वनिसंग्रहाचा दुवा मिळतो, तर पुष्कळ प्रजातींच्या बाबतीत काहीच हाती लागत नाही. धबधब्याचा गोंगाट प्रामुख्याने खालच्या वारंवारतांत असल्याने ओढ्याकाठचे अनेक बेडूक उंच पट्टीत ओरडतात. बोर्निओतील हुइया कॅव्हिटिंपॅनम तर पूर्णपणे श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येण्याइतक्या उंच पट्टीतला, आवाजही काढू शकतो आणि त्याला ३८ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते. एमपीथ्रीची मर्यादा २४ किलोहर्ट्झच्या आसपास संपत असल्याने अशा प्रजातीसाठी हे स्वरूपच अपुरे आहे. शिवाय हाकांचा वेग तापमानानुसार बदलतो, म्हणून ज्या ध्वनिमुद्रणासोबत तापमान दिलेले नाही ते ओळखीपुरते ठीक असले, तरी तुलनेसाठी कुचकामी ठरते. मायक्रिक्झॅलसचे नर हाकेच्या जोडीला मागचा पाय लांबवून इशारा करतात, तो तर कोणत्याच ध्वनिफितीत येणार नाही!

नावांची खातरजमा करायची असल्यास अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची ऑनलाइन यादी सोबत उघडी ठेवावी, कारण काही वंशनामांबाबत दोन्हीकडे मतभेद आहेत. अँफिबियावेबच्या पानाचा संदर्भ देताना ते पाहिल्याची तारीख अवश्य लिहावी, कारण मजकूर आणि वर्गीकरण तेथे वेळोवेळी सुधारले जाते.